चाल

आमच्या नागापुरात पूर्वी माणूस चालीवरून ओळखू यायचा. दिवे नव्हते. सीनेच्या पांदीनं अंधारात कुणी येत असलं, तरी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आधीच नाव घ्यायच्या. पाय घासत येणारा एक, टाच आपटत येणारा दुसरा, बैलाच्या पावलाशी पाऊल जुळवून येणारा तिसरा. नंतर एमआयडीसी आली, शिफ्टा आल्या. माणसं सायकलीवर आणि नगरच्याच कारखान्यात तयार झालेल्या लुनावर बसली, तशी चाल ओळखायची सवय मोडत गेली. आता मनमाड रस्त्यानं नदीचा पूल ओलांडला तरी शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं, हे पाहुण्याला सांगावं लागतं.

आमच्या अण्णांची चाल मात्र गावात वेगळी होती. ती मोटेवर घडलेली होती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठापासून एक उतार खणलेला असायचा, त्याला धाव म्हणायचे. कातड्याची मोट पाण्यात बुडाली की बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. मग तेच बैल उलट्या पावलांनी चढ चढून पुन्हा विहिरीकडं यायचे. दिवसातून शेकडो वेळा हीच ये-जा, आणि बैलांबरोबर माणसाचीही. उताराला तोल सांभाळायचा म्हणून अंग थोडं मागं टाकायचं, आधी टाच टेकवायची, मग पाऊल. अण्णांनी पोरवयापासून हे केलं. पुढं विहिरीवर इलेक्ट्रिक मोटार बसली, धाव बुजली, तिथं बाभळी उगवल्या. पण अण्णा सपाट रस्त्यावरही धावेवरून उतरल्यासारखेच चालायचे. छाती थोडी मागं, हात पाठीशी, पाऊल सावकाश आणि एकसारखं. घाई कशाची ती नाहीच. आई त्यावरून त्यांना बोलायची, "लग्नाला निघालाय का नांगराला?"

१९९७ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. सात महिने ते भिंतीला धरून, उजवा पाय ओढत घरातल्या घरात फिरले. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढून आणायचं. १९९८ च्या सुरुवातीला गेले.

त्यांचे फोटो आमच्याकडं मोजून चार. एक सोसायटीच्या कर्जासाठी काढलेला, एक आळंदीला, एक थोरल्या भावाच्या लग्नातला ग्रुपफोटो, त्यात अर्धा चेहरा फेट्याखाली. चौथा वारल्यानंतर भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून घेतलेला, तोही कर्जाच्याच फोटोवरून. हलतेबोलते अण्णा एकाच ठिकाणी होते : आक्काच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये.

आक्काचं लग्न १९९१ च्या मे महिन्यातलं, दारातच मांडव घालून केलेलं. त्या काळी लग्नाची 'शूटिंग' हा नवा मान होता. वऱ्हाड किती, पंगत कशाची, याबरोबर शूटिंग आहे का, हेही विचारलं जायचं. नगरहून दोघं आले होते. एकाच्या खांद्यावर बाजरीच्या पोत्यासारखा दिसणारा कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात हॅलोजनचा झगझगीत दिवा आणि मागं साप सोडावा तशी लांब वायर. दिवा ज्याच्या तोंडावर पडेल तो माणूस खांबासारखा ताठ उभा राहायचा. बायका पदर ओढून घ्यायच्या. अण्णांना दिव्याचं काही नव्हतं. व्याहीभेटीला ते मांडवातून निघाले, थेट रस्त्यापर्यंत चालत गेले, आणि कॅमेरावाला आडवा कॅमेरा फिरवत त्यांच्या सोबत राहिला. जेमतेम चाळीस सेकंद.

कॅसेट लग्नानंतर दोनदा पाहिली गेली. आमच्याकडं व्हीसीआर नव्हताच. गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायचे, रात्रभर तीन पिक्चर. त्यात पहाटे दोन पिक्चरांच्या मध्ये आमची कॅसेट घातली. चित्रावर पांढऱ्या रेघा पळायला लागल्या की भाड्यावाला ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा, नाहीच जमलं तर झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा. सगळ्यांना आपापला चेहरा कधी येतो याचीच घाई. अण्णा स्वतःला पाहून एवढंच म्हणाले होते, "फेटा तिरका बसलाय."

मग कॅसेट आक्काबरोबर राहुरीकडं गेली आणि शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिली. व्हीसीआर गेले, सीडी आली, तीही गेली. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६ च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. आक्कानं ही बातमी वाचली असण्याचं कारण नाही. पण २०१९ च्या दिवाळीला भाऊबीजेला येताना तिनं पिशवीतून ती कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "नाना, बाईला एकदा अण्णा दाव." आईला आम्ही सगळे बाई म्हणतो. तेव्हा तिला ऐंशी उलटून गेली होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला.

फितीला बुरशी धरली होती. नगरला एकानं ती साफ करून, जुन्या व्हीसीआरवरून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. आता दाखवायचं कशावर? त्याचं उत्तर टीव्हीखाली होतं. थोरल्या भावाच्या मुलानं, जो तेव्हा पुण्यात कॉलेजला होता, एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेऊन तो घरच्या त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडला होता. पुस्तकाएवढा काळा डबा. त्यात कीर्तनं, भजनं, दोनशेएक पिक्चर, घरातल्या बारशाजावळाचे मोबाईलवरचे व्हिडिओ. खाटेवर पडून बटण दाबायचं की टीव्हीवर पाहिजे ते चालू. पोरगं त्याला 'आपलं थेटर' म्हणायचं.

पाडव्याच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी सगळे जमलो. बाईला खुर्ची अगदी पुढं. कॅसेट चालू झाली. गणपतीचं चित्र, त्यावर फिरणारी अक्षरं, मग मांडव. माणसं नुसती बसलेली होती तोवर ठीक होतं. मग अण्णा मांडवातून निघाले.

चित्र अडखळत होतं. बंद पडत नव्हतं, तुटत नव्हतं. पण एक पाऊल जायचं, कणभर थबकायचं, मग पुढं सरकायचं. कॅमेरा आडवा फिरतो तसा मांडवाचा खांब न् खांब हिसका देत सरकत होता. पायांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटत होत्या. आम्ही सगळे "अण्णा, अण्णा" करत होतो. बाई गप्प. चाळीस सेकंद संपल्यावर म्हणाली, "ह्ये त्यांचं चालणं न्हाई."

आक्का म्हणाली, "अगं बाई, अण्णाच आहेत. फेटा बघ की तिरका."

"फेटा त्यांचा हाय. चालणं त्या आजारातलं हाय. तव्हा तर ते धड होते. तुझ्या लग्नात त्यांचा पाय कुठं अडत होता?" आणि खुर्ची मागं सारून ती चुलीकडं निघून गेली. पुढची पंगत तिनं पाहिलीच नाही.

पोरगं म्हणालं, "नाना, अठ्ठावीस वर्षांची टेप आहे. तिच्यातच तसं असणार." सगळ्यांना ते पटलं. जुनी वस्तू आणि नवी वस्तू शेजारी ठेवली की दोष जुनीच्या माथी मारायचा, हा आता रिवाजच झालाय. मला ते पटेना. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली. टेप खराब असती तर चित्र फाटलं असतं, पांढऱ्या ठिणग्या उडाल्या असत्या, आवाज घोगरा झाला असता. इथं सनई सरळ वाजत होती आणि माणूस अडखळत होता. आणि अडखळणं एकसारखं होतं, ठेक्यात होतं. खराब झालेली वस्तू ठेक्यात बिघडत नसते. ठेक्यात होणारी थरथर म्हणजे कुठंतरी दोन फिरत्या गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि पोरगं बसलो. मेंटेनन्सचा कायदा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चालू झालं तर कशानं झालं ते कधीच कळत नाही, आणि महिन्यानं पुन्हा बंद पडतं.

पेनड्राइव्हवरून थेट चालवत होतो, ती फाइल आधी आतल्या डिस्कवर घेतली. फरक नाही. टीव्हीला जाणारी एचडीएमआयची वायर बदलली. फरक नाही, आणि तिच्यानं असा दोष येतही नसतो, पण घरात दुसरी वायर होती आणि पोराची शंका फिटली. मग डबा उघडला. आत पंख्यावर आणि जाळीवर गिरणीतल्यासारखा धुळीचा थर. आमच्या भागात रस्त्याची धूळ, कारखान्यांची धूळ आणि बाईच्या चुलीची राख, तिन्ही मिळून जे होतं ते हवा आत जाऊ देत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपोआप मंद चालतो. मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन ते साफ केलं. याचा फायदा झाला. वीस-पंचवीस मिनिटांनी पिक्चर गचके खाऊन थांबायचा, ते थांबलं. पण अण्णांचं अडखळणं होतं तिथंच.

पोरानं मग कॉम्प्युटरवरचा भार दाखवणारी खिडकी उघडली, टास्क मॅनेजर. ही चांगली सोय आहे, आमच्या वेळी मोटारीला क्लॅम्प मीटर लावून अॅम्पिअर बघायचो तसं. त्याच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ लावला, तर काटा शंभर टक्क्यांवर आणि चित्र गोगलगायीसारखं. त्याचं कारण पोराला माहीत होतं. नवे मोबाईल एच.२६५ नावाच्या पद्धतीनं व्हिडिओ दाबून भरतात. ती पद्धत २०१३ साली मान्य झाली, आणि आमच्या डब्यातला प्रोसेसर त्याच सुमाराचा. ती गाठ सोडवायचं वेगळं यंत्र त्याच्या पोटात नाही. मग सगळी गाठ डोक्यानं सोडवत बसावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे ते व्हिडिओ जुन्या पद्धतीत बदलून ठेवणं. ते त्यानं नंतर केलं.

पण आक्काच्या लग्नाची फाइल लावली तर काटा दहा-बारा टक्क्यांवर. म्हणजे मशीन रिकामं बसलंय, भार नाही, ताप नाही, तरी पाय अडतोय. इथं पोरगं थांबलं. म्हणालं, "नाना, नवीन ग्राफिक कार्ड टाकू. तीन-चार हजारांत येईल."

मला एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या कारखान्यात एकदा अमेरिकेहून वापरलेलं एक मशीन आलं होतं. बसवलं, चालू केलं, तर माल सांगितल्यापेक्षा कमी निघायला लागला. साहेब लोकांनी बेल्ट बदलले, गिअर उघडले. आमचे फोरमन आले, त्यांनी मोटारीवरची ग्रीसनं माखलेली नेमप्लेट बोटानं पुसली आणि वाचली. साठ हर्ट्झ. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. साठावर जी मोटार मिनिटाला सतराशे-साडेसतराशे फेरे मारणार, ती पन्नासावर साडेचौदाशेच्या आसपास फिरणार. मोटार चांगली, वीज चांगली, जोडणी बिनचूक. दोघींचा ठोका वेगळा.

म्हणून पोराला म्हटलं, "खर्च राहू दे. आधी या फाइलची नेमप्लेट वाच."

आम्ही व्हिडिओ लावायला व्हीएलसी वापरतो, रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह असलेलं. पॅरिसजवळच्या एका कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला हा प्रोग्राम, फुकट मिळतो. त्यात कंट्रोल आणि जे दाबलं की फाइलची सगळी कुंडली समोर येते. पोरानं वाचलं : फ्रेम रेट पंचवीस. मग टीव्हीला कॉम्प्युटर काय देतोय ते काढलं, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आत, अॅडव्हान्स्डमध्ये. रिफ्रेश रेट साठ.

मी म्हणालो, "सापडलं."

सांगायला सोपं आहे. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला अमुक इतकी स्थिर चित्रं. आपल्याकडची दूरदर्शनची पद्धत, पाल, सेकंदाला पंचवीस चित्रांची, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत : आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या रेघा. म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. हा आकडा पन्नासच का, तर वीज पन्नासची. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात विजेचा ठोका आणि चित्राचा ठोका वेगळा असला तर पडद्यावर पट्टे सरकायचे, म्हणून दोन्ही जुळवून घेतले. अमेरिकेत वीज साठची, म्हणून त्यांचा टीव्हीही साठचा. आता नव्या टीव्हीला विजेच्या ठोक्याशी देणंघेणं उरलेलं नाही, पण आकडे तेच चालत आले. आणि कॉम्प्युटर जगभर, कुणी सांगितलं नाही तर, साठवरच चालतो.

आता पंचवीस चित्रं साठ ठोक्यांत बसवायची कशी? साठाला पंचविसानं भाग जात नाही. मग एक चित्र दोन ठोके थांबतं, पुढचं तीन ठोके, पुन्हा दोन, पुन्हा तीन, असं लंगडत जातं. बसलेल्या माणसाला याचं काही कळत नाही. त्याचं चित्र हलतच नाही, दोन ठोके थांबलं काय आणि तीन थांबलं काय. पण सरळ रेषेत, एका गतीनं चालणारा माणूस असेल, तर प्रत्येक कमीजास्त ठोका डोळ्याला टोचतो. आणि चाल जितकी एकसारखी तितकं लंगडणं जास्त दिसतं. त्याच कॅसेटमध्ये नाचणारी पोरं होती, हलगीवाला होता, त्यांच्यात कुणाला खोट दिसली नव्हती. ती दिसली अण्णांमध्ये, कारण त्या मांडवात सगळ्यांत एकसारखं चालणारा माणूस तोच होता.

भजनात बसलेल्याला हे लगेच कळेल. पखवाजावर ठेका एक चाललाय आणि टाळकरी दुसराच धरून बसलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि अभंगाचा मात्र चुथडा होतो.

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे जे तुकडे टीव्हीवर कधीमधी दाखवतात, त्यात माणसं कशी तुरुतुरु चालतात ते पुष्कळांनी पाहिलं असेल. हा पिक्चर १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला. त्या मूकपटांचा कॅमेरा हातानं फिरवायचा, साधारण सोळा-अठरा चित्रं सेकंदाला. पुढं बोलपट आले आणि पडद्यावर चित्रांचा वेग चोवीस ठरला. सोळाची फिल्म चोवीसवर चालवली की तारामतीसुद्धा पळायला लागते. आम्ही लहानपणी हसायचो, जुनी माणसं अशीच चालत असतील म्हणायचो. ती तशी चालत नव्हती. आपल्या पणजोबांच्या चालीची आपण दाखवण्याच्या मशीनमुळं टिंगल केली. हे मला त्या दिवशी टीव्हीपुढं बसून सुचलं, तोवर कधी सुचलं नव्हतं.

असो. पोरानं रिफ्रेश रेटची यादी उघडली. साठ, एकोणसाठ, पन्नास, तीस, चोवीस. पन्नास निवडलं. टीव्ही दोन सेकंद काळा झाला, पोरगं घाबरलं, मग चित्र परत आलं. पंचवीस दुणे पन्नास, प्रत्येक चित्राला बरोबर दोन ठोके. व्याहीभेटीची जागा लावली. हिसके गेले होते. मांडवाचे खांब पाण्यावरून सरकावेत तसे सरकले.

पण पायाकडचे कंगव्याचे दात राहिले होते. ती दुसरी गोष्ट. टेपवरची दोन अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात, पन्नासाव्या हिश्श्याच्या अंतरानं घेतलेली. तेवढ्यात पाऊल थोडं पुढं गेलेलं असतं. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम एकमेकांत गुंफून दाखवतो, म्हणून हलत्या गोष्टीच्या कडेला करवत उमटते. व्हीएलसीत त्यासाठी डीइंटरलेस म्हणून सोय आहे. त्यातही प्रकार आहेत. काहींत चित्र साफ होतं पण अर्धी हालचाल टाकून दिली जाते, सेकंदाला पंचवीसच राहतात. आम्ही याडिफ टू-एक्स नावाचा घेतला, तो प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करून पन्नासच्या पन्नास दाखवतो. आणि टीव्ही आता पन्नासवर होताच. साठवर ठेवून हे केलं असतं तर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवावी लागली असती, म्हणजे दहा नव्या ठेचा. दोन्ही गोष्टी बरोबर व्हायला हव्या होत्या, आणि एकेक करून केल्या म्हणून कोणती कशासाठी ते आम्हाला कळलं.

मी ते चाळीस सेकंद पुन्हा लावले. अण्णा मांडवातून निघाले. छाती मागं, हात पाठीशी, टाच, पाऊल, टाच, पाऊल. माझ्या शेजारी बसलेल्या पोरानं आजोबा कधी पाहिलेच नव्हते, तो त्यांच्या मागून जन्मला. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "नाना, तुम्हीपण असंच चालता." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मोट हाकलेली नाही.

बाईला बोलवायला गेलो तर ती यायला तयार नव्हती. "मला नको त्ये बघायला. मला सात महिन्याचं सगळं आठवतं." म्हटलं, चल एकदा, आवडलं नाही तर उठ. तिला उजेडाचा त्रास होतो म्हणून खिडकी लावून घेतली. आक्का राहुरीला गेलेली होती, तिला फोनवर ठेवलं.

बाई उभीच होती, खुर्चीच्या पाठीला धरून. अण्णा निघाले, रस्त्यापर्यंत गेले, व्याह्याला मिठी मारली. ती काही बोलली नाही. मी परत लावलं. मग ती बसली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा म्हणाली, "बघ, कसे निवांत चालल्यात. मागं वऱ्हाड खोळंबलंय, पण ह्यांना हाय का काही?" तिच्या आवाजात जुना राग होता, तो ऐकून फोनवरची आक्का हसली आणि मग रडायला लागली. बाई रडली नाही. मला म्हणाली, "आता पुढचं लाव. पंगतीत बुंदी कोण वाढत होतं ते बघायचंय. तव्हा दोन परात बुंदी कमी पडली होती, मला अजून कळलेलं न्हाई कुठं गेली." बुंदी वाढणारे तिघं दिसले. तिघंही आता नाहीत, पण बाईनं एकाला पकडलंच.

एक अडचण राहिली. टीव्ही पन्नासवर ठेवला की मोबाईलवरचे व्हिडिओ, जे सेकंदाला तीस चित्रांचे असतात, ते अडखळायला लागतात. साठवर ठेवला की लग्न अडखळतं. पिक्चर चोवीसचे, त्यांचं तिसरंच. फाइल बघून आपोआप ठोका बदलणारेही प्रोग्राम आहेत. पोरानं पुढच्या सुट्टीत कोडी नावाचा एक बसवून दिला, त्यात ती सोय चालू करावी लागते. तोवर मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीच्या कडेला चिकटवला होता : लग्न ५०, मोबाईल ६०, पिक्चर २४. आता त्याची गरज नाही. तरी बाई तो काढू देत नाही. तिला वाचता येत नाही, पण त्यातली पहिली ओळ कशाची ते माहीत आहे. आठ-पंधरा दिवसांनी ती खाटेवरून हाक मारते, आणि मी बटण दाबायच्या आधी विचारते, "पन्नासावर हाय ना रं?"